प्रॉन्गहॉर्नची शिकार, पूर्व वायोमिंग : टॅगच्या आधी जमीन बघा

सेजब्रश

"ऑक्टोबरात वायोमिंगला जायचंय, कुठल्या एरियाचा टॅग हमखास लागतो?" हा प्रश्न इथे दर वर्षी मे महिन्यात येतो. प्रॉन्गहॉर्न म्हणजे इथल्या माळावरचं हरणासारखं जनावर, टॅग म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा सोडतीने मिळणारा परवाना, आणि एरिया म्हणजे राज्याने आखलेला शिकारीचा विभाग. हमखास टॅग लागणारे एरिया आहेत, पण ते हमखास का लागतात ते आधी समजून घ्या. तिथे जनावरं भरपूर आणि जमीन जवळजवळ सगळी खासगी. राज्याच्या अर्जाच्या माहितीत अशा एरियांपुढे सार्वजनिक प्रवेश अवघड असल्याची सूचना असते. ती न वाचता अर्ज केला तर टॅग हातात येतो आणि ऑक्टोबरात रस्त्यावर उभं राहून कुंपणापलीकडचा कळप बघावा लागतो. म्हणून आधी जमीन, मग टॅग आणि सगळ्यात शेवटी रायफल, हा क्रम धरा.

जमिनीचं गणित असं. नकाशा एक चौरस मैलाच्या सेक्शनमध्ये विभागलेला असतो. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर, आणि ३६ सेक्शनची एक टाउनशिप. प्रत्येक टाउनशिपमधले १६ आणि ३६ नंबरचे सेक्शन मूळ शाळांसाठी राज्याला मिळाले, त्यामुळे नकाशावर राज्याचे निळे चौकोन ठरावीक अंतराने दिसतात. पिवळी जमीन बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारची. पांढरी ती खासगी. डग्लस ते जिलेट पट्ट्यात थंडर बेसिन हे राष्ट्रीय माळरान आहे. तिथली सरकारी जमीनही सलग नाही, मध्ये मध्ये रँच (गुरं पाळणाऱ्यांच्या मोठ्या खासगी जमिनी) घुसलेले आहेत.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर उतरवा. एक, एरियातले असे किमान पाच सरकारी तुकडे जिथे काउंटी रोडवरून (म्हणजे जिल्ह्याच्या सार्वजनिक रस्त्यावरून) थेट पाय ठेवता येतो. दोन, ॲक्सेस येस या राज्याच्या योजनेतल्या वॉक-इन जागा (जिथे शिकाऱ्यांना खासगी जमिनीत पायी जाऊ देतात), आणि हंटर मॅनेजमेंट एरिया असतील तर त्यांची परवानगी-चिठ्ठी कधीपासून मिळते ती तारीख. तीन, किमान एका रँचरचा होकार. यातल्या दोन गोष्टीही जमत नसतील तर एरिया बदला.

बाहेरच्या राज्यातल्यांसाठी साध्या टॅगची फी ३२६ डॉलर आणि अर्जाचे १५. "स्पेशल" गटात तोच टॅग १,२०० डॉलरला. शिकार तीच, हंगाम तोच, फक्त त्या गटात अर्ज कमी असतात म्हणून शक्यता थोडी वाढते. मादी किंवा पिल्लाचा टॅग ३४ डॉलर. शिवाय २१.५० डॉलरचा कॉन्झर्व्हेशन स्टँप. ७५ टक्के टॅग पॉइंटांच्या, म्हणजे वर्षागणिक साठणाऱ्या प्राधान्य-गुणांच्या, क्रमाने जातात आणि २५ टक्के निव्वळ सोडतीने. सहा जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो, पण गटाच्या पॉइंटांची सरासरी धरतात. नव्या माणसाला गटात घेताना हा हिशेब आधी करा.

एक सावधगिरी. २०२२-२३ चा हिवाळा फार कडक गेला, पश्चिमेकडच्या सब्लेट कळपात प्रचंड मृत्यू झाले आणि २०२३ मध्ये टॅग मोठ्या प्रमाणात कापले गेले. त्याआधीच्या वर्षांचे सोडतीचे आकडे धरून योजना आखू नका.

नीलिमा_डी

फार उपयोगी धागा. दोन शंका आहेत. नकाशाच्या ॲपमध्ये काउंटी रोडपासून बीएलएमच्या तुकड्यापर्यंत चाकोरी दिसते, मध्ये अर्धा मैल पांढरी जमीन आहे. चाकोरी आहे म्हणजे जाता येतं असं समजायचं का? दुसरं, ज्या जमिनीला "प्रवेश बंद" अशी पाटीच नाही तिथे काय नियम आहे?

गोदाकाठ

पहिल्याचं उत्तर नाही. ॲप रस्ता दाखवतं, त्या रस्त्यावरचा हक्क दाखवत नाही. रँचरने गुरांना पाणी पोचवायला पाडलेली चाकोरी आणि काउंटी रोड ॲपवर एकाच जाडीच्या रेषेत दिसू शकतात. काउंटीच्या रस्ते विभागाला फोन करा, रस्त्याचा नंबर सांगा आणि तो कुठपर्यंत सार्वजनिक आहे ते विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्याचं : वायोमिंगमध्ये शिकारीसाठी खासगी जमिनीत जायचं तर पाटी असो वा नसो, परवानगी लागतेच. जमीन कोणाची हे ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे शिकाऱ्याची. आणि कुंपण म्हणजे हद्द असं मानू नका. माळावर कुंपण जिथे खांब रोवणं सोपं गेलं तिथे असतं, सेक्शनची खरी रेषा शंभर यार्ड अलीकडे-पलीकडे असू शकते.

आता चौकोनांच्या कोपऱ्याबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. दक्षिण वायोमिंगमध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन आहे. १८६२ च्या कायद्याने आणि १८६४ च्या दुरुस्तीने रेल्वे कंपनीला एकाआड एक सेक्शन दिले गेले, त्याचा हा परिणाम. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याच्या एका बिंदूवर भेटतात. त्या बिंदूवरून पाऊल टाकलं तर खासगी जमिनीवरच्या हवेत अतिक्रमण होतं का, यावर एल्क माउंटनचा खटला झाला. २०२१ मध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी कोपरा ओलांडायला शिडी वापरली होती. फौजदारी खटल्यात २०२२ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. दिवाणी दाव्यात मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (सहा राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील) न्यायालयाने १८८५ च्या बेकायदा कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.

म्हणजे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा इथे हा निकाल लागू आहे. मॉन्टाना नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथे तो लागू नाही आणि तिथलं राज्य खातं कोपरा ओलांडणं बेकायदा मानतं. दोन राज्यांत फिरणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

प्रत्यक्षात करताना : निकालाचा फायदा खरा कोपरा सापडला तरच. सर्वेक्षणाची खूण, म्हणजे बहुतेकदा जमिनीत गाडलेल्या नळीवरची पितळी टोपी, शोधा. त्यावर टाउनशिप आणि सेक्शनचे आकडे कोरलेले असतात. ॲपचा ठिपका पाच-सात यार्ड चुकू शकतो आणि कोपऱ्यावर पाच यार्ड म्हणजे सरळ अतिक्रमण. टोपी सापडली नाही तर ओलांडू नका. खासगी खांबाला, तारेला हात लावू नका. आणि येताना खांद्यावर मांस घेऊन त्याच बिंदूवरून परतायचं आहे, याचा विचार जातानाच करा.

फाटकबंद

रँचरशी बोलण्याबद्दल लिहितो, कारण या एका गोष्टीवर निम्मी शिकार अवलंबून आहे आणि बहुतेक जण ती सप्टेंबरात, घाईघाईत करतात.

फोनची वेळ मार्च-एप्रिलची संध्याकाळ, जेवणानंतरची. मे महिन्यात वासरांना डाग द्यायचं काम असतं, जुलैत गवत कापणी, ऑक्टोबरात वासरांचं दूध तोडून ती विक्रीला पाठवायची. या दिवसांत अनोळखी माणसाशी बोलायला त्यांना सवड नसते. नर मागू नका, आधी माद्यांबद्दल विचारा. माद्यांची संख्या वाढली की गवताचा आणि हिवाळी गव्हाचा ताण रँचरला जाणवतो, त्यामुळे तिथे होकाराची शक्यता जास्त. टॅगवर जमीनमालकाचं कूपन असतं. जनावर त्यांच्या जमिनीवर मिळालं तर ते भरून त्यांना द्यायचं, राज्य त्यावर त्यांना १६ डॉलर देतं. रक्कम छोटी आहे, पण ती त्यांची आहे. न विसरता, सही करून, हातात द्या.

पैसे घेऊन प्रवेश देणारे रँच असतात. दर माणशी की टॅगमागे, नराला वेगळा की नाही, गोळी लागून जनावर सापडलं नाही तर काय, हे सगळं पैसे देण्याआधी ठरवा. परवानगी लेखी घ्या : नावं, तारखा, गाडीचा नंबर, कुठल्या कुरणात जायचं आणि कुठे नाही, गाडी कुठे उभी करायची, आतडी आणि हाडं कुठे टाकायची. हा शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही, आणि घराजवळच्या ओढ्यात आतडी टाकली म्हणून पुढच्या वर्षीचा होकार जातो.

फाटक जसं सापडेल तसं ठेवा. उघडं असेल तर उघडंच, कारण पलीकडच्या पाण्यावर गुरांना जाऊ देण्यासाठी ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. तारेचं फाटक बंद करताना खांबाचा खालचा बुडखा आधी खालच्या कडीत, मग खांद्याने दाबून वरची कडी. वरून सुरुवात केली तर ताण येत नाही आणि फाटक वाऱ्याने सुटतं.

आणि चिखल. पावडर नदीच्या खोऱ्यातली माती बेंटोनाइटची, आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीच्या चिखलाची दुप्पट चिकट. पाव इंच पाऊस झाला तरी चाकोरीवर गाडी घालू नका. चार चाकं फिरणारी गाडी अडकत नाही असं समजून घातली की चाकाच्या खोबणीत माती भरते, चाकाचा गुळगुळीत रूळ होतो आणि गाडी आपोआप उतारावर सरकते. त्याहून वाईट म्हणजे फूटभर खोल चर पडतात, ते वाळून दगड होतात आणि रँचरला वर्षभर त्यावरून जावं लागतं. पाऊस आला तर थांबा, ऊन आणि वाऱ्याने माती सुकू द्या किंवा पायी जा. उलट कोरड्या दिवसांत उंच गवतात गाडी उभी करू नका, गरम एक्झॉस्टने माळ पेटतो.

नीलिमा_डी

आमच्यातले दोघं एच-१बी वर आहेत. त्यांना रायफल हातात घेता येते का? दोघांनीही आजवर बंदूक चालवलेली नाही.

गोदाकाठ

हा प्रश्न आधीच विचारलात ते बरं केलंत. केंद्राच्या कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि "बाळगणं" यात रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही येऊ शकतं. अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकार परवाना जवळ असेल तर. म्हणून त्या दोघांनी सरावाला जाण्याआधी आपल्या राज्याचा छोट्या प्राण्यांच्या शिकारीचा परवाना काढावा आणि रेंजवर तो खिशात ठेवावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसाचा प्रश्न असल्याने तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा लेखी विचाराच.

वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्याचं चालतं. उन्हाळ्यात वर्ग लवकर भरतात, एप्रिलमध्येच उरका.

वारा_बघ

आता जनावराबद्दल. प्रॉन्गहॉर्नला आपण अँटिलोप म्हणतो, पण काळवीट-चिंकाऱ्याचं हे कुळ नाही. याच्या शिंगावरचं खोळ दर वर्षी गळतं, आणि शिंगाला पुढे फाटा असतो. रेहेकुरीला काळवीट पाहिलेल्यांनी वागण्याचा अंदाज तिथून बांधू नये. काळवीट उंच उड्या मारतं. प्रॉन्गहॉर्न ताशी ५५ मैलांनी पळेल, पण कुंपणावरून उडी मारायला नाखूश असतं. ते खालच्या तारेखालून पोट घासत जातं.

याचाच उपयोग करा. सरकारी आणि खासगी जमिनीमधलं कुंपण दुर्बिणीने खांबागणिक तपासा. जिथे खालची तार जमिनीपासून १६ इंच किंवा जास्त उंच आहे तिथे माती गुळगुळीत घासलेली दिसेल, तारेच्या काट्यात पांढऱ्या-तपकिरी ताठ केसांचा झुपका अडकलेला असेल. केस बोटांत वाकवला की मोडतो, आतून पोकळ असतो. माती भुरभुरीत असून त्यावर खुरांचे ताजे टोकदार ठसे असतील तर ती वाट सध्या वापरात आहे. कळप दबाव आला की अशाच ठिकाणाहून खासगी बाजूला निसटतो. पहिल्या दिवशी सकाळी आठ-नऊपर्यंत सरकारी तुकडे रिकामे होतात ते याच वाटांनी. म्हणून सुट्टी घेणं शक्य असेल तर हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यातले मंगळवार-बुधवार घ्या. गाड्या कमी झाल्या की कळप आपल्या नेहमीच्या जागी परततो.

सेजब्रश

थोडा वेगळा अनुभव सांगणारे आहेत. छोट्या एरियात, जिथे टॅग कमी आहेत, तिथे पहिला दिवसच चांगला, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत माज चालू असतो आणि नर माद्यांचा कळप सोडत नाही. दुसऱ्या आठवड्याचा सल्ला मुख्यतः रस्त्यालगतच्या वॉक-इन जागांसाठी.

वारा_बघ

मान्य, टॅगची संख्या बघून ठरवावं.

नर ओळखायची खूण : जबड्याखाली काळा ठिपका. काही माद्यांनाही शिंगं असतात, पण कानापेक्षा आखूड. कान साधारण सहा इंचांचा. शिंग कानाच्या दुप्पट आणि फाटा कानाच्या टोकाच्या वर असेल तर नर चांगला. १४ इंचांच्या पुढे असेल तर फारच चांगला.

दबकत जाणं : याचे डोळे डोक्याच्या बाजूला, मोठे, दोन मैलांवरची हालचाल टिपतात. सपाट दिसणाऱ्या माळावर घळी आणि ओहोळ असतात. आधी उंचवट्यावरून, कड्याच्या खाली झोपून, तासभर फक्त दुर्बीण. कळप कुठे चरतो, कुठे बसतो, वारा कुठून, मधली घळ कुठे वळते हे नकाशावर खूण करून मगच उठा. आकाशरेषेवर उभं राहू नका. मुख्य नरावर नजर ठेवताना बाजूला पसरलेल्या माद्या विसरल्या जातात आणि त्याच तुम्हाला बघतात. पार्श्वभागाचे पांढरे केस ताठ फुलले की इशारा दिला गेला, तिथेच थांबा. गुडघ्यांना जाड पॅड आणि हाताला चामड्याचे मोजे घ्या, शेवटचे दोनशे यार्ड रांगताना फड्या निवडुंगाचे काटे सापडतातच. उबदार दिवशी रॅटलस्नेकही असतो.

रायफल : .२४३, .२५-०६, ६.५ क्रीडमूर, .२७० यातल्या कुठल्याही काडतुसाची पुरते. २०० यार्डांवर शून्य करा, म्हणजे रायफलच्या दुर्बिणीचा नेम आणि गोळी तिथे जुळवून घ्या. मग ३०० यार्डांवर गोळी साधारण सात इंच खाली जाते. खरा शत्रू वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच ढकलतो, आणि वायोमिंगमध्ये २० मैल ही नेहमीची गोष्ट. छातीतली मर्मस्थानाची जागा आठ-नऊ इंच. म्हणजे वाऱ्याचा अंदाज अर्ध्याने चुकला तरी पोटात गोळी. उंच बायपॉड (रायफलचा दोन पायांचा टेकू) किंवा काठ्या लागतात, कारण आडवं झोपल्यावर सेजब्रशचं झुडूप नळीसमोर येतं.

नीलिमा_डी

नवशिक्याने मग किती अंतरावर थांबावं?

वारा_बघ

आठ इंचांची कागदी थाळी २०० यार्डांवर लावा. बसून, काठ्यांच्या आधाराने, दहापैकी दहा गोळ्या थाळीत बसल्या तर २०० ही तुमची मर्यादा. नऊ बसल्या तर १५०. माळावर ४०० यार्डांची सवय लावून घ्यावी असं म्हणणारे भेटतील. नवशिक्याने त्यांचं ऐकू नये, कारण १५० पर्यंत पोचणं हे घळी वापरून जमणारं काम आहे.

गोळी सोडण्याआधी दोन गोष्टी. मागे दुसरं जनावर नाही ना, कारण गोळी आरपार जाते. आणि हद्दीपासून अंतर. जखमी जनावर चारशे यार्ड सहज धावतं. ते खासगी जमिनीत पडलं तर परवानगीशिवाय आणायला जाता येत नाही. मालक सापडला नाही तर वॉर्डनला (राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला) फोन करावा लागतो आणि ऊन तापत असतं. कुंपणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या नरावर हद्दीजवळ गोळी सोडू नका. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडणंही गुन्हा आहे. अंगावर एक तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा दिसायलाच हवा.

रानमसाला

मांसाबद्दल, कारण "अँटिलोपला उग्र वास येतो" ही तक्रार जवळजवळ नेहमी हाताळणीची असते. ऑक्टोबरातही दुपारी २५ अंश होतात, आणि पोकळ केसांचं कातडं रजईसारखी ऊब धरून ठेवतं. जनावर टपावर बांधून गावभर फिरवलं की मांस गेलंच.

जनावर पडल्यावर पहिलं काम टॅगचं : जागा सोडण्यापूर्वी टॅगचं जनावरासाठीचं (जमीनमालकाचं नव्हे) कूपन सुटं करून, तारीख घालून, सही करून जनावराला लावणं. नियमावलीत लिंगाचा पुरावा मागितला असेल तर तो भाग तुकड्याला जोडलेलाच ठेवा. मग लगेच आतडी बाहेर, आणि अर्ध्या तासात कातडं. सुरी नेहमी कातड्याच्या आतून बाहेर चालवा. बाहेरून कापलं की शेकडो केस तुटून ओल्या मांसाला चिकटतात आणि ते पाण्याने निघत नाहीत. पार्श्वभागावर आणि इतरत्र वासाच्या ग्रंथी असतात. केसांना लावलेला हात आणि मांसाला लावायचा हात वेगळा ठेवा, म्हणजे दोघांनी मिळून काम करा किंवा मोजे बदला. चार पुठ्ठे, पाठीच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन छोट्या पट्ट्या, मान, इतकं मांस सोडवून घ्या. पुढचे-मागचे पाय आणि पाठीचं मांस रानात टाकून देणं कायद्यानेही चालत नाही.

एका जनावराला ७० ते १०० क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) कूलर. सुट्या बर्फापेक्षा गॅलनच्या बाटल्यांत पाणी गोठवून न्या, सहा बाटल्या. वितळलं तरी मांस पाण्यात भिजत नाही आणि तेच पाणी प्यायला होतं. मांस जाळीच्या पिशवीत, कूलरची बूच उघडी, गाडी किंचित उतारावर. हाडं काढल्यावर मोठ्या नराचं साधारण ३५ ते ४० पौंड मांस राहतं.

घरी आल्यावर चरबी पूर्ण काढा, ती थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते आणि वासही तिचाच. पाठीची पट्टी रश्श्यात घालू नका, ती तव्यावर कडक आचेवर दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी. मान आणि खांदा मात्र आपल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणाला उत्तम : आधी हळद-मीठ-आलं-लसूण लावून प्रेशर कुकरला पाऊण तास, मग वाटण. खिमा करायचा तर वेगळी चरबी मिसळावी लागते, शंभरात दहा भाग पुरे.

फाटकबंद

राज्याच्या निळ्या सेक्शनबद्दल राहिलं. तिथे शिकार करता येते, पण नांगरलेल्या तुकड्यात नाही. रात्रीचा मुक्काम आणि उघडी शेकोटी चालत नाही, ठरलेल्या रस्त्याबाहेर गाडीही नाही. मुक्काम बीएलएमवर करा, एका जागी १४ दिवसांची मर्यादा आहे. डग्लसच्या उत्तरेला पेट्रोल पंप फार लांब लांब आहेत, टाकी अर्धी झाली की भरा. फोनला रेंज नसते, नकाशे घरीच उतरवून घ्या आणि बीएलएमचा एक लाखाच्या प्रमाणातला कागदी नकाशा गाडीत ठेवा.

नीलिमा_डी

काउंटीला फोन केला. ती चाकोरी खासगीच निघाली. त्याच बीएलएम तुकड्याची ईशान्य बाजू काउंटी रोडला साधारण दोनशे यार्ड लागते असं त्यांनी सांगितलं. तिथून पायी आत जाता येईल ना?

गोदाकाठ

येईल. गाडी रस्त्याच्या हद्दीत, फाटक न अडवता उभी करा. त्या दोनशे यार्डांच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि अंधारात आत जाताना दोन्ही टोकांपासून पन्नास यार्ड आत राहा. बाहेर येतानाही तीच वाट, मांसाच्या फेऱ्या कितीही झाल्या तरी.

सेजब्रश

मूळ लेखात भर घालतो : "पाच तुकडे" मोजताना प्रत्येकासमोर काउंटीशी बोलल्याची तारीख लिहा. नीलिमा, त्या तुकड्याच्या पश्चिमेला कुंपण असेल तर सप्टेंबरात जाऊन खालची तार बघून घ्या.